सात इंचांचे म्हातारे मासे

ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराजवळ मुलीचं घर आहे. तिथून गाडीने दहा मिनिटांवर एक सार्वजनिक तळं आहे. लहानसंच. रमतगमत निघालं तरी वीस-पंचवीस मिनिटांत फेरी पुरी होते. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. काठावरची रेडबडची झाडं गुलाबी-जांभळ्या फुलांनी लगडली होती, पान मात्र एकही नव्हतं. तिथले जुने लोक सांगतात, ही झाडं फुलली की क्रॉपी काठाला येतात.

क्रॉपी हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्याचा मासा. आपल्याकडे तो नाही. चपटा, चंदेरी, हातभर नव्हे तर जेमतेम वीतभर. याच्या दोन जाती. काळ्या क्रॉपीच्या अंगावर काळे ठिपके कसेही विखुरलेले असतात, तर पांढऱ्याच्या अंगावर उभे पट्टे. ठिपक्यांवरून खात्री होत नसेल तर पाठीच्या पराचे काटे मोजायचे : काळ्याला सात-आठ, पांढऱ्याला पाच-सहा. गढूळ पाणी पांढऱ्याला चालतं, काळ्याला स्वच्छ लागतं. लुइझियानात पांढऱ्या क्रॉपीला राज्याचा मासा असा मान आहे, आणि तिथल्या त्याच्या फ्रेंच नावाचा शब्दशः अर्थ होतो ‘दुधाची पिशवी’!

माझा नातू अकरा वर्षांचा. ओहायोत सोळा वर्षांखालच्या मुलांना मासेमारीचा परवाना लागत नाही, पण आजोबांना लागतो. थोड्या दिवसांचा परवाना मोबाइलवरच काढला आणि दोघं निघालो. मी भिगवणकडचा. उजनीच्या पाण्यावर गळ टाकत लहानाचा मोठा झालो, त्यामुळे माझी ऐट अशी की, मासा कुठे असतो ते मला कोणी शिकवू नये.

पहिल्या संध्याकाळी एकही मासा लागला नाही.

शेजारी घडीच्या खुर्चीवर बसलेले एक आजोबा मात्र दर पाच मिनिटांनी मासा काढत होते. शेवटी त्यांना दया आली असावी. त्यांनी आमचा गळ पाहिला आणि हसून सांगितलं, तुम्ही तळाशी शोधताय, क्रॉपी मधल्या पाण्यात थव्याने तरंगतो. त्याची नजर वर असते. म्हणून आमिष त्याच्या डोक्याच्या थोडं वर हवं. खाली गेलेल्या आमिषाकडे तो सहसा वळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आडोसा. बुडालेलं झाड, धक्क्याचे खांब, पाण्यात वाकलेली फांदी, अशा जागी हा मासा सापडतो. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी नाताळ संपल्यावर उरलेली झाडं दगड बांधून तळ्यात सोडतात, ती यासाठीच. वसंतात पाणी सोळा ते वीस अंश सेल्सियसपर्यंत तापलं की क्रॉपी उथळात येऊन अंडी घालतो. घरट्यावर राखण नर करतो आणि त्या दिवसांत त्याचा रंग गडद होतो. उन्हाळ्यात काठ तापतो, म्हणून थवा खोल जातो. पण लहान तळ्यात अगदी तळाशी प्राणवायू उरत नाही, मग तो मधल्याच थरात अडकून राहतो. दिवसापेक्षा तिन्हीसांजेला जास्त खातो.

आणखी एक. याचं तोंड कागदासारखं पातळ असतं. गळाला हिसका दिला की तोंड फाटतं आणि मासा सुटतो. उजनीची सवय असलेल्या माझ्या हाताला हे शिकायला पाच मासे गमवावे लागले. नातवाने ते मोजले.

दुसऱ्या संध्याकाळी मात्र मासेच मासे. नातू प्रत्येक मासा पट्टीवर धरायचा, वहीत लिहायचा आणि लगेच पाण्यात सोडायचा. सहा इंच, सात इंच, साडेसहा, पुन्हा सात. ‘‘आजोबा, ही सगळी बाळं आहेत. मोठी होऊ देत.’’ मला कौतुक वाटलं. ओहायोतल्या काही जलाशयांवर नऊ इंचांपेक्षा लहान क्रॉपी ठेवायला मनाईच आहे. या तळ्याच्या पाटीवर मात्र तसा नियम नव्हता.

शेजारच्या आजोबांनी मान हलवली. म्हणाले, ही बाळं नाहीत. घरी जाऊन खवला बघा.

नातवाकडे शाळेच्या प्रयोगासाठी आणलेला छोटा सूक्ष्मदर्शक होता. एक सात इंची मासा आम्ही ठेवून घेतला आणि रात्री त्याचे खवले धुऊन काचेखाली धरले. झाडाच्या बुंध्यावर असतात तशा कड्या दिसल्या. हिवाळ्यात वाढ मंदावते, तेव्हा कड्या दाटतात. तज्ज्ञ लोक त्याहून खात्रीचं म्हणून माशाच्या कानातला खडा तपासतात, पण आम्हाला खवल्यावरही चार दाट पट्टे मोजता आले. दोनदा मोजले. चार हिवाळे काढलेला मासा, आणि लांबी सात इंच.

नातू गप्प झाला. मग म्हणाला, ‘‘म्हणजे यांना खायलाच मिळत नाही?’’

मी त्याला आपल्या गावतळ्याचं उदाहरण दिलं. आपण तळ्यात कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडतो. हे मासे साचलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. म्हणून जेवढं बीज टाकलं, तेवढेच मासे. वाटेकरी ठरलेले. क्रॉपीचं तसं नाही. तो तळ्यातच वितो, एक मादी हजारोंनी अंडी घालते. एखादं वर्ष साधलं की पिल्लांची अशी लाट येते की पुढची काही वर्षं तळ्यात त्याच वयाचे मासे भरलेले. ताटं तेवढीच, पंगत दहापट. त्यांना खाणारा मोठा बास मासा लोकांनी आधीच पकडून नेलेला असेल तर विचारूच नका. आपल्या चिलापीचंही हेच होतं. ती भारतात 1952 साली आली आणि छोट्या तळ्यांत बोटभर राहूनच भराभर वाढत गेली. म्हणूनच लहान तळ्यात क्रॉपी सोडू नका, असं तिथले मत्स्यतज्ज्ञ सांगतात. मोठ्या पाण्यात हाच मासा वेगळाच दिसतो. मिसिसिपीत 1957 मध्ये पकडलेला पांढरा क्रॉपी सव्वादोन किलोंच्या वर भरला होता.

‘‘मग मी सोडले ते चुकलं?’’

याचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. सोडायचं हे त्याला शाळेने शिकवलं, आईने शिकवलं, मीही शिकवलंच असतं. मी एवढंच म्हणालो, प्रत्येक तळ्याला विचारावं लागतं. तो बराच वेळ वही चाळत बसला.

तिसऱ्या संध्याकाळी त्याने स्वतःच बादली घेतली. सहा-सात इंचांचे चौदा मासे त्यात गेले. अंधार पडता पडता त्याचा गळ वाकला. या वेळी हिसका न देता त्याने हळूहळू ओढलं. अकरा इंचांचा काळा क्रॉपी! शेजारचे आजोबा खुर्चीतून उठून बघायला आले. नातवाने ओल्या हाताने मासा पट्टीवर धरला, आकडा लिहिला आणि वाकून पाण्यात सोडून दिला.

घरी मुलीने चौदा मासे हळद-तिखट लावून, रव्यात घोळवून तळले. काटे भिगवणच्या चिलापीपेक्षा बारीक होते. नातवाने चार खाल्ले.