एक राणी, दोन कवी

आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळींनी कविवर्य भा. रा. तांबे यांची जयंती साजरी केली. हिंदी शाळेत शिकणारी माझी नात यायलाच तयार नव्हती. "आजी, मला त्यातलं काही कळत नाही," म्हणाली. मनाला फार लागलं.

कशीबशी आली. मी तांब्यांचं झाशीच्या राणीवरचं गीत म्हटलं. १८५८ साली राणीला ग्वाल्हेरला वीरमरण आलं. तांब्यांचं निधनही १९४१ साली ग्वाल्हेरलाच झालं, हेही सांगितलं.

नात एकदम उठली. जबलपूरला संसार केलेल्या सुभद्राकुमारी चौहान यांची राणीवरची हिंदी कविता तिने खड्या आवाजात म्हटली. सगळे ऐकतच राहिले.

घरी येताच वही पुढे करून म्हणाली, "आजी, तुझं गाणं लिहून दे ना. पुढच्या वर्षी दोन्ही म्हणेन!"