टायरवर छापलेलं गणित



शेकडेवारी शिकवताना आपण नफा-तोटा, व्याज आणि परीक्षेतले गुण हीच उदाहरणं घेतो. ती घ्यावीतच. पण आपलं छत्रपती संभाजीनगर हे गाड्यांचं शहर आहे. 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. 2001 पासून शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्या तयार होतात. गुडइयरचा टायर कारखानाही वाळूजलाच आहे. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी कुणी कंपनीत, कुणी गॅरेजात, तर कुणी पंक्चरच्या दुकानात कामाला आहे. या मुलांसाठी शेकडेवारीचं छान उदाहरण टायरवरच छापलेलं असतं.

यंदा हे गणित वर्गात आणलं माझ्याच एका माजी विद्यार्थ्याने. आता तो गॅरेजात काम करतो. जुनी कार घेऊन त्याने तिच्या स्प्रिंग बदलल्या, गाडी खाली बसवली आणि आत मोठं इंजिन टाकलं. त्याची धाकटी बहीण माझ्या सातवीच्या वर्गात आहे आणि रोज त्याच गाडीतून शाळेत येते. एक दिवस तो गेटवर भेटला. म्हणाला, "मॅडम, रुंद टायर टाकतोय. एकदम भारी दिसेल." मी विचारलं, "कुठला नंबर?" त्याने सांगितलेला नंबर मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिला.

आधी नंबर वाचायचा कसा ते बघा. गाडीचा मूळ टायर होता 185/65 R15. यात 185 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 65 हे मिलिमीटर नाहीत, ती शेकडेवारी आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के, असा त्याचा अर्थ. 15 म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! मुलं गोंधळतात, पण रमतातही.

185 चे 65 टक्के म्हणजे 120.25. भिंत वरही आहे आणि खालीही, म्हणून दुप्पट, 240.5. रिमचे 15 इंच गुणिले 25.4 म्हणजे 381. एकूण व्यास 621.5 मिमी.

आता दादाला हवा असलेला 205/50 R15. भिंत 102.5, दुप्पट 205, अधिक 381, म्हणजे 586 मिमी. टायर रुंद झाला, पण 35.5 मिमीने बुटका झाला. फरक जवळजवळ 5.7 टक्के.

"मग काय होईल?" असं विचारल्यावर वर्ग बोलू लागला. मूळ टायरवर मीटर बरोबर दाखवत असेल, तर आता मीटरवर 60 असताना गाडी खरी 56.6 च्याच वेगाने पळेल. आधीच खाली बसवलेली गाडी फरकाच्या निम्म्याने, म्हणजे जवळजवळ 18 मिमी आणखी खाली जाईल. आपल्याकडचे स्पीडब्रेकर तुम्हाला माहीतच आहेत!

उलट, 205/65 R15 घेतला तर व्यास होतो 647.5 मिमी. मग मीटरवर 60 दिसताना वेग असतो 62.5. शिवाय खाली बसवलेल्या गाडीत टायर आणि मडगार्ड यांच्यामधली जागा आधीच कमी झालेली असते. मोठा किंवा रुंद टायर खड्ड्यात आपटताना किंवा स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर आत घासू शकतो. घासून घासून टायरची भिंत कापली गेली, तर तो चालत्या गाडीत फुटू शकतो.

इथे दादाची बहीण उभी राहिली. एरवी गणिताच्या तासाला ती गप्प असते. म्हणाली, "मॅडम, त्या टायरवर पुढे 86 आहे आणि जुन्यावर 88. ते काय?"

अगदी मोक्याचा प्रश्न होता हा. तो भारांक असतो. 88 म्हणजे एक टायर 560 किलो पेलतो, 86 म्हणजे 530 किलो. मोठं इंजिन बहुतेक वेळा जड असतं आणि त्याचा भार मुख्यतः पुढच्या दोन टायरांवर येतो. म्हणजे भार वाढवायचा आणि पेलणारा टायर मात्र कमी ताकदीचा घ्यायचा! भारांकानंतरचं अक्षर वेगाची मर्यादा सांगतं: T म्हणजे ताशी 190 किमी, H म्हणजे 210. जास्त ताकदीचं इंजिन टाकलं, तर हे अक्षरही मूळपेक्षा खालचं चालत नाही.

मग मुलांनीच पर्याय शोधला, 195/60 R15, भारांक 88. व्यास 615 मिमी, फरक फक्त 1 टक्क्याच्या आसपास. थोडा रुंद, भार तेवढाच पेलणारा, उंची जवळजवळ तीच. कागदावर हा बसतो. तरी रिमची रुंदी तपासायची, टायर चढवून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं आणि वजनकाट्यावर पुढच्या चाकांवरचा भार मोजायचा. इंजिनबरोबर गिअरबॉक्सही बदलला असेल, तर मीटरचा वेग मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघायचा.

वही घेऊन बहीण घरी गेली. दोन दिवसांनी दादा आला आणि म्हणाला, "मॅडम, 195/60 च घेतो. हिने घरी पूर्ण क्लास घेतला माझा."

मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. ती पालकांनीही लक्षात ठेवावी. आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तसाच निकाल दिला. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी लागते. टायरचं गणित बरोबर आलं म्हणून इंजिनचा कागद आपोआप पूर्ण होत नाही. ऐकून तो जरा गंभीर झाला. आरटीओत जाऊन विचारतो म्हणाला. अजून गेलेला नाही. बहिणीला मी रोज विचारते.

तुमच्या वर्गासाठी उपक्रम सोपा आहे. प्रत्येकाने घरच्या किंवा शेजारच्या कारच्या टायरचा नंबर, भारांक आणि अक्षर लिहून आणायचं. व्यास काढायचा, परीघ काढायचा, एका किलोमीटरला चाक किती वेळा फिरेल ते काढायचं. टायरवर तारखेचे चार अंकही सापडतील. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झाला. खाचेची खोलीही पट्टीने मोजता येते. कारसाठी ती किमान 1.6 मिमी लागते. एक काळजी मात्र घ्या, गाडी उभी आणि बंद असतानाच मुलांना जवळ जाऊ द्या, सोबत मोठं माणूस हवंच.

ज्या मुलाला "गणित येत नाही" असं आपण म्हणतो, त्याच्या हाताला कदाचित टायर आपल्यापेक्षा जास्त कळतो. त्याला एकदा फळ्यापाशी बोलवून बघा.