दिव्याखाली अंधार



या वार्षिकासाठी चार शब्द लिहावेत अशी शाळेची आज्ञा झाली, तेव्हा आपल्या उद्योगातील यशाविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु खरे लिहावयाचे तर एका चुकीविषयीच लिहिणे मला प्राप्त आहे.

अंधेरीस पाणी शुद्ध करण्याची यंत्रे बसविण्याचा माझा लहानसा उद्योग आहे. मुंबईस सात तलावांचे पाणी मिळते. त्यांपैकी तुळशी व विहार हे दोन आपल्याच उपनगरांतील डोंगरांत असून, विहार तलाव १८६० साली पुरा झाला. महापालिका हे पाणी गाळून व त्यात क्लोरीन मिसळून सोडते. तथापि नळास पाणी ठरावीक वेळीच येते. एरवी नळ रिकामे असता, जेथे चीर असेल तेथून भोवतालची घाण आत शिरू शकते. इमारतीच्या टाक्या वेळच्या वेळी धुतल्या नाहीत, तर तेथेही तीच गत. या अखेरच्या टप्प्यावर पाण्याची राखण करणे, हा माझा व्यवसाय.

तो उभारताना मी सकाळी मुलुंडास, दुपारी घाटकोपरास, तर रात्री बोरिवलीस असे. मुलगी तेव्हा पाचवीत होती. ती झोपल्यावर मी घरी येई आणि 'हे सारे तिच्यासाठीच आहे' अशी मनाची समजूत घाली.

आमच्या घरच्या यंत्रातही जंतूंचा नाश करणारा अतिनील किरणांचा दिवा होता. एके सकाळी ती म्हणाली, "बाबा, आपल्या यंत्रावरची लाल खूण लागली आहे." मी म्हटले, "रविवारी पाहू." असे तीन रविवार गेले. चौथ्या आठवड्यात तिचे डोळे पिवळे दिसू लागले. कावीळ झाली होती. दोष घरच्या पाण्याचा की बाहेरच्या, हे डॉक्टरांनाही निश्चित सांगता येईना. परंतु मी यंत्र उघडून पाहिले, तो आतील दिवा विझलेला! शेकडो घरांतील दिवे तपासणाऱ्याच्या घरी हा अंधार. ईश्वरकृपेने ती बरी झाली. पण तिच्या अंथरुणाशी बसून काढलेल्या त्या रात्री मला विसरता येत नाहीत.

पुढे एक हकीकत वाचनात आली व माझी ती जुनी समजूत पार ढासळली. बाटलीबंद पाण्याचा 'बिसलेरी' हा विख्यात उद्योग १९६९ साली पार्लेच्या चौहान कुटुंबाने विकत घेतला. रमेश चौहान यांनी १९९३ साली आपली शीतपेये कोका-कोलास विकली. पाणी मात्र राखले व वाढविले. २०२२ साली त्यांनी तोही उद्योग विकण्याचे मनावर घेतले, कारण कन्या जयंती यांना त्यात फारसे स्वारस्य नाही, असे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. मार्च २०२३ मध्ये टाटांच्या कंपनीने बोलणी थांबविली आणि धुरा जयंती यांजकडे आली. त्या घरातील गोष्टी मी काय जाणणार? मला मात्र एवढे उमगले की, पित्याने अर्धशतक खपून उभारलेले अपत्यास हवेच असेल असे नाही, आणि हवे की नको हे ठरविणे त्याचे आहे. मग 'तिच्यासाठीच' या शब्दाआड मी कोठवर लपणार? तिने मजकडे कंपनी कधीच मागितली नव्हती. यंत्राकडे पाहा, एवढेच सांगितले होते.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघे प्रथम घरचे यंत्र तपासतो. ती वहीत तारीख लिहिते व मी सही करतो. पावसाळ्यात कामाची गर्दी झाली की अजूनही माझी चालढकल होते. तेव्हा ती काही न बोलता वही पुढे ठेवते.

शुभवर्तमानात लहानग्यास दिलेल्या थंड पाण्याच्या पेल्याचा उल्लेख आहे. तो शाळेच्या प्रार्थनेत ऐकून तिने मला घरी सांगितला. पालकहो, तो पेला दुसऱ्याकरवी पाठविता येत नाही. तो आपल्याच हाताने द्यावा लागतो. आणि मुलांनो, घरी एखादी लाल खूण दिसली, तर वडिलांना एकदा सांगून थांबू नका!

— एक पालक