घरात आलेला माग

टेमघरमध्ये घरातून धंदा सुरू करणे याचा अर्थ बराच काळ जवळजवळ एकच होता: घराला लागून शेड टाकायची आणि त्यात माग बसवायचे. भिवंडीहून कल्याणकडे जाताना लागणारे हे गाव आता शहरात मिसळून गेले आहे. ठाणे आणि मीरा-भाईंदरच्या लोकांना त्याचे नाव पाण्यामुळे ठाऊक असते. शहाडला उल्हास नदीतून उचललेले पाणी इथे शुद्ध होते, आणि 'स्टेम' या पाणीपुरवठा संस्थेच्या नावात शहाडच्या पाठोपाठ टेमघरच आहे. भिवंडीकरांना मात्र टेमघर, नारपोली, कामतघर ही नावे घेतली की आधी मागाची खटखट आठवते.

भिवंडीतले विणकाम यंत्रमागाहून जुने आहे. 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून निघालेली मोमीन विणकरांची कुटुंबे इथे स्थिरावली. त्यांचा हातमाग मुळात घरातलाच होता; राहण्याची जागा आणि कामाची जागा यांत भिंत नव्हती. महाराष्ट्रात यंत्रमागाची सुरुवात मानतात ती इचलकरंजीत, 1904 साली. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या पाठबळावर विठ्ठलराव दातार यांनी तिथे पहिला माग चालवला. वीज आली तशी भिवंडी, मालेगाव, सोलापूर ही गावेही त्या वाटेने गेली. आज देशातले जवळपास निम्मे यंत्रमाग महाराष्ट्रात आहेत, असे सांगितले जाते. भिवंडीत विणायला तेलंगणातून पद्मशाली आले, उत्तर प्रदेश-बिहारमधून मजूर आले. सूत आणि बाजार बहुतांशी गुजराती-मारवाडी व्यापाऱ्यांच्या हाती राहिला. या धंद्यात एका समाजाचे दुसऱ्यावाचून पान हलत नाही. म्हणूनच 1970 आणि 1984 च्या दंगलींत जळालेल्या मागांचे नुकसान एकाच मोहल्ल्यापुरते राहिले नाही.

भिवंडीच्या मागांत मोठी भर पडली ती 18 जानेवारी 1982 नंतर. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. कापडाची मागणी मात्र होती तशीच राहिली, आणि ती भिवंडीकडे वळली. गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने मागही याच गावांत येऊन पुन्हा चालू लागले. मुंबईतल्या एका छपराखालचे काम हजारो लहान शेडमध्ये वाटले गेले, याला पुष्कळांनी उद्योगाचा प्रसार म्हटले. तो प्रसार होता यात शंका नाही. पण गिरणीत कामगाराला आठ तासांची पाळी होती, भविष्य निर्वाह निधी होता, युनियन होती. शेडमध्ये यातले फारसे काही पोचले नाही.

दोन किंवा चार मागांनी सुरुवात करणाऱ्याला फार भांडवल लागत नसे, हेच या धंद्याचे आकर्षण. माग जुना मिळे, जागा घरची असे, मोटर लहानशी. सूत विकत घेण्याची ऐपत नसली तरी अडत नसे. व्यापारी ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, भरलेले बीम आणि बाण्याचे, म्हणजे आडव्या धाग्याचे, सूत आणून देई, मागवाला कापड विणून परत करी आणि मजुरी घेई. या मजुरीचा हिशेब पिकावर होतो. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणारा एक आडवा धागा. इचलकरंजीत अशा मजुरीवर विणणाऱ्या मालकांना खर्चीवाले म्हणतात. दर पिकामागे पैशांत ठरतो, आणि थोड्याशा फरकावर महिना तरतो किंवा बुडतो.

साधा माग जवळून पाहिला तर त्याची क्रिया समजायला सोपी आहे. ताण्याचे उभे धागे 'वही' नावाच्या चौकटीच्या डोळ्यांतून आणि फणीच्या दातांतून ओवलेले असतात. वही वर-खाली झाली की धाग्यांचे दोन थर उघडतात. त्यांच्या मधल्या फटीतून लाकडी धोटा एका बाजूने फेकला जातो, आपल्या पोटातल्या कांडीचे सूत मागे सोडत पलीकडे जातो, आणि फणी पुढे येऊन तो धागा कापडाला ठोकून बसवते. लगेच थर उलटतात आणि धोटा परत फिरतो. मिनिटाला 150 फेऱ्या आणि इंचाला 50 पीक धरले तर मिनिटात 3 इंच, तासात साडेचार मीटर कापड होते. हे झाले कागदावर. प्रत्यक्षात धागा तुटतो, वीज जाते, कांडी संपते. संपलेली कांडी बदलताना नव्या कांडीचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावे लागते, आणि कित्येक ठिकाणी विणकर ते अजून तोंड लावून, श्वासाने ओढून काढतो. त्या श्वासाबरोबर कापसाची धूळ आणि खळीची भुकटी छातीत जाते. दिवसभरात हे किती वेळा होते, याची मोजदाद कुणी ठेवत नाही.

अशा घरात जन्मलेल्या माणसाच्या आयुष्यात माग पहिल्या दिवसापासून असतो. बाळाला आवाजाची इतकी सवय होते की ते खटखटीत झोपते आणि वीज गेली की दचकून उठते. शाळेत जाऊ लागलेले मूल परत आल्यावर कांड्या भरायला बसते. घरच्या कामाला कुणी बालमजुरी म्हणत नाही, आणि अभ्यास मागे पडला तर दोष मुलाच्या डोक्याला दिला जातो. मिसरूड फुटेपर्यंत मुलगा तुटलेला धागा गाठ न दिसेल असा जोडायला शिकतो. बिघडलेला माग कानाने ओळखतो. माग दुरुस्त करणारा जॉबर यायच्या आधीच निम्मी दुरुस्ती करून ठेवतो. हे कौशल्य खरे आहे, आणि त्याला कसले प्रमाणपत्र मिळत नाही, हा या धंद्यातला मोठा अन्याय आहे. लग्न होऊन आलेली सून स्वयंपाक आवरून कांड्या भरते, कापडावरचे सुटे धागे कापते, दुपारच्या जेवणाला विणकर गेला की माग सांभाळते. चाळिशीत आणखी दोन माग घेण्यासाठी तिचे दागिने गहाण पडतात. साठीला आलेला मालक मोठ्याने बोलतो, कारण शेडमधला आवाज 90 डेसिबलच्या वर जातो आणि त्याने कान केव्हाच घेतलेले असतात.

अशा घराची हिशेबवही पाहिली तर तिच्यात विजेचे बिल असते, विणकराची मजुरी असते, तेल, सुटे भाग, हमाली सगळे असते. सुनेचे तास नसतात. मुलाच्या कांड्या नसतात. शेडखाली गेलेल्या जागेचे भाडे नसते. वहीत उरलेली रक्कम नफा म्हणून दिसते. प्रत्यक्षात ती पुष्कळदा घरच्या चार माणसांची न दिलेली मजुरी असते. व्यापाऱ्याला स्वस्त कापड मिळते ते या न लिहिलेल्या खात्यांमुळे. कायद्यालाही ती खाती दिसली नाहीत. 1948 चा कारखाना कायदा मूळ तरतुदीनुसार विजेवर चालणाऱ्या आणि 10 किंवा अधिक कामगार असलेल्या जागेला लागू होता, म्हणून घरचे दोन-चार माग त्याच्या बाहेर राहिले. घरातून दुसऱ्यासाठी काम करणाऱ्यांबद्दल आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 मध्ये 177 क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

नोव्हेंबर 2016 मध्ये नोटा रद्द झाल्या. या धंद्यातली मजुरी आणि खर्ची रोखीने वाटली जात असल्यामुळे तो फटका थेट शेडमध्ये बसला. पुढच्या वर्षी 1 जुलैला वस्तू व सेवा कर आला, आणि 2020 च्या टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले. दुसरीकडे एअरजेटसारखे बिनधोट्याचे माग मिनिटाला 600 च्या पुढे धागे घालतात. त्यांच्यापुढे घरचा माग टिकणे कठीण होते. अनेकांनी माग भंगारात, किलोच्या भावाने विकले. आयुष्यभर ज्याच्या आवाजावर घर चालले, तो असा तोलून विकला जाताना पाहणे सोपे नसते.

घरात काम करणाऱ्याची कायम हारच होते, असे नाही. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली; त्यातून श्री महिला गृह उद्योग, म्हणजे लिज्जत पापड उभा राहिला. त्या संस्थेतही बाई भिजवलेले पीठ घरी नेते, पापड लाटते, परत आणून देते आणि मजुरी घेते. वरवर पाहता काम खर्चीवाल्यासारखेच. फरक इतकाच की पीठ, नाव आणि बाजार त्या बायकांच्याच संस्थेचे आहेत आणि नफ्यातला वाटाही त्यांचाच. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेही याच जाणिवेतून. भिवंडीतले छोटे मागवाले सूत एकत्र घेण्याइतके आणि दर एकत्र ठरवण्याइतके क्वचितच जवळ आले. ही उणीव मंदीपेक्षा जास्त महागात पडली.

टेमघरमध्ये आज घरातून सुरू होणारे धंदे वेगळे आहेत: मसाला, तांदळाच्या पापड्या, शिवण, गोदामातल्या कामगारांचे डबे. सुरुवात पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. उद्यम नोंदणी 2020 पासून ऑनलाइन आणि मोफत होते, मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळते. ही कागदपत्रे जरूर करावीत. पण वहीचे पहिले पान घालताना जागेचे भाडे आणि घरातल्या प्रत्येकाचे तास त्यात आधी लिहावेत, बायकोचे आणि आईचे सुद्धा, आणि भाव त्यानंतर ठरवावा. मुलांचे तास लिहायची वेळच येऊ देऊ नये.