मडगार्डवरची पट्टी

मूळ बॉडीला काहीही जोडायचं नाही, हे मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो. भोकरदनला माझी डेंटिंग-पेंटिंगची शेड आहे. ट्रॅक्टरचं बॉनेट, ट्रॉलीचं फाळकं, पिकअपचा दरवाजा, असं रोजचं काम. त्यात एका गिऱ्हाइकाची चिंकारा रोडस्टर येते. अलिबागकडे हाताने बांधलेली, ब्रिटनच्या १९५७ सालच्या लोटस सेव्हनच्या वळणाची. लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर फायबरची बॉडी, इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन, आणि इतकी बुटकी की आत बसून हात सोडला तर बोटं रस्त्याजवळ जातात. माझा फार जीव आहे तिच्यावर.

तिचा तरुण मालक म्हणायचा, "काका, मागच्या मडगार्डला काहीतरी बसवून द्या ना, खडी फार लागते." मी ऐकून घेत नसे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत तर ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडीच ‘व्हिंटेज’ धरली आहे. ही गाडीही त्या वयाची होईल, तेव्हा तिच्यावर जोडकाम दिसू नये, एवढाच माझा आग्रह होता.

आज तो आग्रह उरलेला नाही.

राजूरच्या रस्त्याने गाडी आली की पुढचं चाक काळी खडी उडवतं आणि ती थेट मागच्या मडगार्डच्या तोंडावर बसते. फायबरला पोचा पडत नाही, गंज चढत नाही, ते तडकतं. ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडतो, भोवती बारीक चिरा धावतात. वरचा जेलकोटचा गुळगुळीत थर साधारण अर्धा मिलिमीटर. तो फुटला की पावसाचं पाणी आतल्या काचतंतूंच्या मॅटमध्ये मुरतं. नाण्याने ठोकत गेलं की धड जागी टणक आवाज येतो, थर सुटलेल्या जागी बद्द. मग मी तेवढा भाग घासायचा, रेझीन-मॅट भरायची, मग लांबी म्हणजे पुट्टी, प्रायमर, रंग. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. शेवटी एकदा सगळा रंग उतरवला, तेव्हा मडगार्डच्या तोंडाशी अलिबागचं काम थोडं आणि माझी लांबी जास्त निघाली. मूळ जपायचं म्हणून मीच ते घासून संपवत होतो.

म्हणून मडगार्डवर मेण लावून त्यावरच फायबरचे दोन थर चढवले. सुकल्यावर त्याच वळणाची पट्टी सुटून आली. ती दुहेरी टेपने चिकटवली, कारण फायबरला भोक पाडलं की तिथूनच तडा धरतो. आता टवके पट्टीला पडतात. पावसाळा संपला की ती काढून आतली माती धुवावीच लागते, नाहीतर तीच माती रंग खाते. पारदर्शक फिल्मही चालते, पण रंग पुरता मुरल्यावरच. कच्च्या रंगावर लावली तर काढताना रंग घेऊन येते.

बॉनेट कापून हवेचं तोंड काढा, मडगार्ड रुंद करा, याला मात्र माझा नकारच आहे. कापलेलं परत येत नाही, शिवाय गाडीत असे फेरफार रोखणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे.

गोव्याच्या सॅन स्टॉर्म या गाडीचीही बॉडी फायबरचीच. अशा मोजक्या गाड्या ज्यांच्या दारात असतील, त्यांना माझी विनंती आहे: मडगार्ड, बंपर धड आहेत तोवर त्यांचे साचे काढून ठेवा, म्हणजे फुटले तरी तसेच परत बनवता येतील.