गोल काठ
पिंपळनेरचा पाऊस वारा घेऊन येतो. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या याच साक्री तालुक्यातल्या, यावरून काय ते समजावे. छत्री टिकत नाही, म्हणून आईसाठी पातळ नायलॉनची खोळ शिवायची ठरली. जन्मभर तिने शिवले. आता तिला दिसत नाही. मशीनवर आम्ही बसलो.

खोळीचा घेर अर्धगोल. सरळ काठ कोणीही दुमडील. गोलावर मात्र आत वळलेली कड तिथल्या जागेपेक्षा लांब भरते. एक सेंटिमीटर दुमडले, की अर्धवर्तुळावर सव्वासहा सेंटिमीटर कापड जास्तीचे. मग घेर लहान असो वा मोठा. सुती कापड ते इस्त्रीखाली जिरवते. नायलॉन वितळते, जिरवत नाही. आमच्या काठाला चुण्याच चुण्या.

आईचे बोट काठावरून फिरत आले आणि एका चुणीशी थांबले.

"उसव."

उसवल्यावर सुईच्या भोकांची रांग दिसली. नायलॉनवरची भोके बुजत नाहीत. पाणी तिथूनच येणार. तेवढी पट्टी कापून टाकावी लागली. मग ती सांगेल तसे केले : बारीक सुई, कडेपासून पाव सेंटिमीटरवर नुसती शिवण, तिच्यावर दुमड, पुन्हा तेवढीच दुमड. पाव सेंटिमीटरला जास्तीचे कापड जेमतेम दीड सेंटिमीटर. ते बोटांनी वाटून घेता येते. हे गणित आम्ही मागाहून मांडले. तिने ते कधीच मांडले नव्हते.

पुन्हा बोट फिरले, ते टोकापर्यंत गेले. खोळ दोन बोटे आखूड झाली होती. तिला ते कळले असणार. ती काही बोलली नाही.