बांधावरची गुळवेल

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूरचा ऊस उभा आहे आणि त्याच उसाच्या बांधावर कडुनिंबाला वेढे घालून गुळवेल चढलेली असते. फुकट मिळते म्हणून ती निर्धोक वाटते. माझं म्हणणं असं, की गुळवेलीचं पथ्य कांडी तोडण्याआधीच सुरू होतं. निंबावरची वेल सरस, हे आम्ही वैद्य पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. पण आता निंबाच्या बुडाशी काय फवारलं, हेही विचारायला हवं. उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारतात, त्या फवाऱ्याच्या टप्प्यातली वेल औषधाला घेऊच नये. कांडी बोटाएवढी जाड घ्यावी. वरची साल कागदासारखी सुटते, नखानं खरवडलं की खाली हिरवं लागतं, आणि आडवा छेद घेतला की चाकाच्या आऱ्या दिसतात. चक्रलक्षणा हे नाव त्यावरूनच पडलं. पान गुळगुळीत असतं. पानाला लव असेल किंवा कांडीभर ठसठशीत उंचवटे असतील, तर ती तिच्या भावकीतली दुसरी वेल समजून सोडून द्यावी.

ही ओळख किती मोलाची, ते कोरोनाच्या काळात कळलं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं, की वनस्पती नीट ओळखलेलीच नव्हती, टिनोस्पोरा क्रिस्पा या उंचवट्यांच्या भावकीतल्या वेलीशी गल्लत झाली असावी. पुढच्या वर्षी १३ केंद्रांतल्या अशाच ४३ रुग्णांचा अभ्यास आला; त्यातल्या बऱ्याच जणांमध्ये स्वप्रतिकारक आजाराची लक्षणं होती. हा ॲलोपॅथीचा आकस आहे, असं आमच्यातले काही म्हणतात. मला ते पटत नाही. जी वेल प्रतिकारशक्तीला चेतवते असं आपण अभिमानानं सांगतो, ती आधीच स्वतःवर उलटलेल्या प्रतिकारशक्तीलाही चेतवू शकते, हे मानायला आपली हरकत का असावी?

आजी-पणजी पीतच होत्या की, असंही म्हणतात. त्या तापात चार-आठ दिवस काढा घ्यायच्या, ताप उतरला की भांडं पालथं. रोज उपाशीपोटी महिनोन्‌महिने रस पिणं ही अलीकडची रीत आहे. चरकांनी गुळवेलीचा रस मेध्य, म्हणजे बुद्धीला पोषक, रसायनांत सांगितला, हा आक्षेप मात्र वजनदार. पण तेच चरक रसायनाआधी शरीराचं शोधन सांगतात. ती पायरी गाळून नुसता रस उचलला, तर ते रसायन उरत नाही. मात्राही ठरलेली आहे: चूर्ण दिवसाला ३ ते ६ ग्रॅम, काढ्याला भरड २० ते ३० ग्रॅम. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्त उतरू शकते. गरोदरपणी, संधिवाताच्या किंवा अवयवरोपणानंतरच्या गोळ्या चालू असताना गुळवेल आपल्या मनानं घेऊच नये. आणि घेताना अन्नावरची वासना उडाली, लघवी गर्द पिवळी झाली किंवा अंगाला खाज सुटली, तर काढा त्याच दिवशी थांबवून यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि डॉक्टरांना गुळवेल घेतल्याचं न लाजता सांगावं.